खोलीचा आवाज

ब्रिस्टलहून आलेल्या चौघांनी
आमच्या पडवीत काळ्या पेट्या उघडल्या
आणि चहा निवायच्या आत विचारलं,
इथे कुंपण कुठे आहे?

म्हणजे काळ्यांची वस्ती कुठे संपते
आणि हिंदुस्तानी कुठून सुरू होतात.
मी म्हटलं, कुंपण आहे की, बकऱ्यांसाठी.
इमोजेनबाई हसल्या, वहीत काहीतरी टिपलं.
दुसऱ्या दिवशी त्याच कुंपणाचं शूटिंग झालं,
उतरत्या उन्हात,
बकऱ्या हाकलून.

मग एका बाजूला तासा, दुसऱ्या बाजूला स्टीलपॅन.
तासावाल्यांत ल्युसियनचा धाकटा होता,
काळाभोर, मनगटाचा पक्का,
सगळ्या बॅरकपोरात त्याच्यासारखा हात नाही.
त्याला म्हणाले, तू जरा मागे थांब बाळा,
प्रेक्षकांचा गोंधळ होईल.

मी तर पायापासून डोक्यापर्यंत गोंधळ.
बाप ऑलस्टन बॅप्टिस्ट, साखर कारखान्यात बॉयलरवर.
आई धनपतिया, उसाच्या तोडीवर.
आमच्यासारख्यांना इथे डुगला म्हणतात.
शब्द जहाजातून आला, शिवी म्हणून;
माझ्या बहिणीने तो टी-शर्टवर छापून घेतलाय.
तुम्ही नक्की कुणाच्या? बाईंनी विचारलं.
मी म्हटलं, भांडी घासायची असली की दोघांची,
लग्नपत्रिका वाटायच्या असल्या की कुणाचीच नाही.
हे फिल्ममध्ये नाही.

सगळी गोडीगुलाबी आहे असं मी म्हणत नाही.
निवडणुकीच्या आठवड्यात
मिस युलालीच्या दुकानात पावाचीसुद्धा जात निघते.
आणि आईने लग्न केलं त्या दुपारी
हरदत्तमामूने तिच्या नावाने आंघोळ केली,
खरोखरची, अंगणात, बादली उपसून, सगळ्या गल्लीदेखत.
तेव्हापासून एकतीस वर्षं
तो आमच्या दारावरून जाताना मान फिरवायचा,
इतकी, की मान तशीच राहिली.

त्याला बाईंनी आणलं. कसं, ते ठाऊक नाही.
दोन खुर्च्या समोरासमोर.
एकीत मामू, इस्त्रीचा शर्ट.
एकीत बाप, पक्षाघाताने अर्धं तोंड लोंबलेलं.
एकमेकांना काय सांगाल?
मामू म्हणाला, यंदा भेंडी करपली.
बाप म्हणाला, हं.
फार वेळ कॅमेरा चालू होता. भेंडीच निघत राहिली.
शेवटी बाईंनी डोळे चोळले आणि म्हणाल्या, कट.

तेव्हा आवाजवाला रोरी, जो आठवडाभर बोललाच नव्हता,
म्हणाला, कुणी हलू नका,
एक मिनिट मला खोलीचा आवाज हवाय.
नुसती खोली.
कॅमेरा बंद. आम्ही सगळे पुतळे.

फ्रिज घरघरला.
पंख्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं.
आईने बांगड्या मुठीत धरून ठेवल्या.
चुलीवरची डाळ उतू जायला आली, कुणी उठलं नाही.
बापाच्या ओठातून लाळेची तार
हनुवटीवर, हनुवटीवरून खाली.

मामू उठला.
खिशातून रुमाल काढला आणि ती पुसली,
घाईघाईत, मोटारीची काच पुसावी तशी,
आणि रुमाल बापाच्या मांडीवर टाकून
परत जाऊन बसला.

खुर्ची वाजली, रोरी म्हणाला. सॉरी. पुन्हा घेऊ.

पुन्हा घेतलं. या वेळी
आम्ही सगळे अगदी शहाण्यासारखे बसलो.

फिल्म आली. शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून दाखवली.
पडद्यावर कुंपण, मऊ ऊन, आणि कुणा पुरुषाचा भारदस्त स्वर:
शेजारी राहूनही एकमेकांशी न बोलणारे दोन समाज.
मग तो गप्प होतो आणि शांतता येते, लांबलचक.
लोक म्हणाले, काय परिणाम साधलाय.

मागच्या रांगेत मी बहिणीचा दंड दाबला.
ऐक, म्हटलं, कुंपणाला कुठे घरघर असते का?
तो आपला फ्रिज आहे.

मामू त्यानंतर आलेला नाही,
रुमाल मागायलाही नाही.
आईने तो धुऊन, घडी करून
बिस्किटांच्या डब्यात ठेवलाय, वीजबिलांखाली.